दुसरा दांडा

त्या घरात एकच वाटणी झाली होती आणि ती आईने करून दिली होती. जमीनजुमला नव्हताच. होती एक जीप, आणि तिच्यावरून दोन भावांची रोज जुंपायची. शेवटी आईने एका सकाळी दोघांना समोर बसवलं आणि निकाल दिला, "वरचं थोरल्याचं, खालचं धाकट्याचं. यापुढे मला घरात आवाज नको."

वरचं म्हणजे स्टिअरिंग, सीटा, हॉर्न, प्रवासी आणि प्रवाशांशी होणारी हुज्जत. खालचं म्हणजे पत्र्याखाली जे जे फिरतं, घासतं आणि गळतं ते सगळं. थोरला गाडी चालवायचा, धाकटा ती चालती ठेवायचा. दोघांनी ही वाटणी इतकी मनावर घेतली की थोरल्याने पुढे कधी वाकून गाडीखाली पाहिलं नाही, आणि गाडी कशी चालवावी याबद्दल धाकट्याने चकार शब्द काढला नाही. एकदाच तो बोलून गेला, "दादा, क्लच जरा हळू सोडत जा," तर आईच आतून ओरडली, "तू खालचा ना? मग खालीच राहा." शिवाय धाकट्याला गाडी शिकवली होती तीही दादांनीच. त्यामुळे रस्त्याच्या बाबतीत दादा म्हणतील ती पूर्व दिशा.

थोरल्याला घरच नव्हे, सगळी वस्ती दादा म्हणायची. वस्ती डोंगरावर, बाजार खाली आणि मधे एक अवघड चढ. तो सुरू व्हायच्या आधी, लाकडाच्या वखारीसमोर, दादा जीप उभी करायचे. गिअरच्या दांड्याशेजारी एक दुसरा, आखूड दांडा होता, काळ्या मुठीचा. दादा मागे वळून म्हणायचे, "बसा घट्ट. आता चारी चाकं लावतो." मग इंजिनाचा जोर मागच्या दोनऐवजी चारी चाकांना मिळावा म्हणून तो दांडा दोन खटके मागे ओढायचे. समोर हिरवा दिवा लागायचा, इंजिनाचा आवाज जाडा व्हायचा, आणि जीप सावकाश पण न कुरकुरता चढाला लागायची. मागे बसलेल्यांचा जीव भांड्यात पडायचा. आजारी माणसं, अवघडलेल्या बाया, अंगावरची पोरं, सगळी त्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर वर जायची. दादांचा तर त्या दांड्यावर जेवढा विश्वास होता तेवढा देवावरही नसेल. वस्तीच्या पहिल्या घराशी पोचलं की दांडा पुन्हा पुढे ढकलायचा आणि परतीचा उतार भरभर उतरायचा, कारण खाली पुढची खेप ताटकळत असायची.

एका हिवाळ्यात जीपचं डावं मडगार्ड चेपलं. बाजारात ट्रकने घासलं असं दादांनी सांगितलं आणि स्वतःच हातोडीने ठोकून सरळ केलं. मडगार्ड वरचं होतं, म्हणून धाकट्याने काही विचारलं नाही.

आई गेली तीही अशाच थंडीत. उताराच्या मधोमध एक वळण आहे. तिथे डोंगरातला झरा रस्त्यावरून वाहतो आणि कडाक्याच्या थंडीत सकाळी त्याचा बर्फ झालेला असतो. सगळे त्याला ओलं वळण म्हणतात. त्या दिवशी दादा बायकोला आणि मुलीला घेऊन बसने परगावी गेले होते. जीप दारात उभी होती, चावी खिळ्याला होती. सकाळी आईला श्वास लागला. धाकट्याने जीप काढली नाही. त्याची स्वतःची एक जुनी छोटी गाडी होती, पुढच्या दोनच चाकांवर ओढणारी, ती त्याने काढली, आईला शेजारी बसवलं आणि उताराला लागला. ओल्या वळणावर गाडी घसरली आणि कडेच्या चरात जाऊन अडकली. दोघांना साधं खरचटलंही नाही. पण मदत येईपर्यंत आईचा श्वास संपला होता, धाकट्याच्या मांडीवर.

संध्याकाळी दादा परतले. भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "चार चाकांची गाडी दारात उभी होती. चावी खिळ्याला होती. आणि तू आईला त्या डबड्यात घातलंस? जीप काढली असतीस तर आज आई असती."

धाकट्याने एकदा तोंड उघडलं, दादांकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. त्याच महिन्यात हत्यारांची पेटी उचलून तो खाली बाजारात राहायला गेला आणि एका टायरच्या दुकानात कामाला लागला. पुढे दुकान त्याचंच झालं. भाऊ मात्र एकमेकांशी बोलले नाहीत ते नाहीतच. दादा माणूस वाईट नव्हते. पण दुःख टांगायला माणसाला खुंटी लागते, आणि दादांनी ती सख्ख्या भावाच्या पाठीत ठोकली. तोंडावर हे कुणी बोललं नाही, तरी वस्तीत पुष्कळांच्या मनात होतं.

मग पुष्कळ पाणी वाहून गेलं. दादांची बायको गेली, डोळ्यांत मोतीबिंदू आला, खेपा बंद झाल्या आणि जीप शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. लेक शिकून नर्स झाली. खालच्या इस्पितळात तिला नोकरी लागली. राहायचं वर बापाजवळ आणि कामाला रोज खाली उतरायचं, असं तिने ठरवलं. एका संध्याकाळी भांडी घासता घासता ती म्हणाली, "बाबा, मी एक छोटी गाडी घेतेय."

"फोर व्हील आहे?"

"नाही."

"मग नाही," दादा म्हणाले. एवढ्यावर विषय संपला असं त्यांना वाटलं.

लेकीने नळ बंद केला. "बाबा, वर्षातले थोडे दिवस सोडले तर या रस्त्याला चारी चाकं लागतात कुठे? आता डांबर पडलंय. आणि चारी चाकं लावली की गाडी ओढली जाते, थांबत नाही. थांबायला सगळ्याच गाड्यांना चारी चाकांना ब्रेक आहेत. रस्ता धरतात ते टायर. त्या पैशात मी चांगले, थंडीचे टायर घेईन."

"हे तुला कोणी शिकवलं?"

लेकीने घासलेलं ताट फडताळात ठेवलं. ती काकाच्या दुकानात जाते हे दादांना माहीत होतं, आणि दादांना माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. या घरात झाकली मूठ अशीच वर्षानुवर्षं झाकलेली असायची.

"एक जीव गेलाय तसल्या गाडीत," दादा म्हणाले. "दुसरा मी जाऊ देणार नाही. शेडमधली जीप काढ. ती घेऊन जा रोज. नाहीतर नोकरी सोड."

बापाचा हट्ट आणि बापाची भीती यांतला फरक लेकीला कळत होता, म्हणून ती चिडली नाही. तिने हात पुसले. मग म्हणाली, "ठीक आहे. गॅरेजमध्ये दाखवू. गाडी धड आहे असं म्हणाले, तर मी जीपच नेईन."

रविवारी ताडपत्री निघाली, बॅटरी बदलली, चाकांत हवा भरली. जीप सुरू झाली तेव्हा दादांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. लेक चालवायला बसली, दादा शेजारी. थंडी अजून सुरू व्हायची होती. ओल्या वळणावर नुसतं पाणी वाहत होतं. तिथे पोचायच्या जरा आधी लेकीने आखूड दांड्याकडे बोट दाखवलं.

"बाबा, हा ओढू का?"

"उताराला कशाला?" दादा पटकन म्हणाले. म्हणाले आणि स्वतःच थबकले. लेकीने समोरून नजर हटवली नाही. जीप तशीच बाजारापर्यंत उतरली.

गॅरेज आता जुन्या मेकॅनिकची मुलगी चालवायची. बापाच्या हाताखालीच शिकलेली, बोलायला फटकळ, कामाला चोख. तिने जीप खड्ड्यावर घेतली, दिवा घेऊन खाली उतरली आणि ठोकाठोक करत मागून पुढे सरकली. अर्ध्यात ती थांबली.

"दादा, पुढचा शाफ्ट कुठे आहे?"

"म्हणजे?"

"पुढच्या चाकांना जोर नेणारी लोखंडी नळी असते ना, ती. ती नाहीच आहे इथे."

"शेडमधून चोरीला गेली असेल."

"चोर शाफ्टच्या तोंडाला झाकण बसवून, वर तारेने बांधून जातो होय? आणि ही माती बघा. खरवडून निघत नाहीये."

दादा गुडघ्यांवर हात ठेवत खड्ड्याच्या पायऱ्या उतरले. एवढी वर्षं जीप चालवली, पण तिचं पोट ते पहिल्यांदाच पाहत होते. गॅरेजवालीने दिवा वर धरला. जिथून शाफ्ट निघायला हवा होता तिथे पत्र्याचं गोल झाकण होतं, नीट कापलेलं, आणि त्याच्या बोल्टांच्या डोक्यांतून तांब्याची तार पिळून घेतली होती. पीळ उलटा होता. दादांनी तारेवर बोट फिरवलं. धाकटा डावखुरा होता. त्याने बांधलेली प्रत्येक गोष्ट, मग ती चपलेची वादी असो की आईच्या खाटेची दोरी, अशीच उलट्या पिळाची असायची.

आई गेल्यापासून धाकट्याने या गाडीला हात लावला नव्हता. म्हणजे झाकण त्याआधीचं होतं.

"पण दांडा ओढला की गाडी जोर लावायची," दादा म्हणाले. "दिवा लागायचा."

"दिवा दांड्याला जोडलाय, दादा, चाकांना नाही. आणि जोर होता तो लो गिअरचा. दांडा दुसऱ्या खटक्यावर नेला की लो गिअर पडतो, गाडी हळू पण दमाने चढते. तुम्ही मागच्या दोन चाकांवरच चढवलीत ही." ती जराशी हळू आवाजात म्हणाली, "तुमचे भाऊ गाडी बघेनासे झाल्यावर माझे वडील हिचं ऑइल बदलायचे, त्यांनी पाहिलंच असणार. त्यांना वाटलं असेल, मालकाला माहीत आहे."

मालकाला माहीत नव्हतं, पण मालकाला सांगायला कुणी आलं होतं खरं. दादांना ती संध्याकाळ आठवली. ते दमून जेवायला बसले होते आणि धाकटा दारात काळे हात घेऊन उभा होता. पुढच्या चाकांचे गिअर गेलेत, त्यांचाच आवाज येतोय, सामान मिळत नाही, असं काहीतरी सांगत होता. दादांनी वरही न बघता म्हटलं होतं, "खालचं तुझं आहे ना? मग मला कशाला विचारतोस? काढ, घाल, वाटेल ते कर. मला सकाळी गाडी दारात पाहिजे." सकाळी गाडी दारात होती. आवाजही गेला होता. दादांनी त्याची पाठ थोपटली होती.

म्हणजे आईला श्वास लागला त्या सकाळी दारात चार चाकांची गाडी नव्हतीच. घरातल्या एकाच माणसाला ते माहीत होतं. आणि भरल्या घरात त्याने ते सांगितलं असतं, तर वर्षानुवर्षं रिकामा दांडा ओढणाऱ्या दादांचं सगळ्यांसमोर हसं झालं असतं. धाकट्याचं तोंड उघडून मिटलं होतं ते यासाठी.

दादा वर आले. लेक जीपला टेकून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "बघा, मी म्हणत होते" असं ती म्हणाली नाही, आणि त्याबद्दल दादांना तिचे पाय धरावेसे वाटले. त्यांचा हात नकळत डाव्या मडगार्डवर गेला. पत्र्यावर त्यांच्याच हातोडीचे खळगे अजून लागत होते.

"त्या छोट्या गाडीला टायर कुणाकडून घेणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"काकाकडून."

"बरं," दादा म्हणाले. "मी जरा जाऊन येतो."

"मी येऊ?"

"नको."

दुकान कुठे आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही. ते टाळण्यासाठीच तर इतकी वर्षं ते लांबच्या रस्त्याने जात होते. आज सरळ गेले. दारात टायरांच्या चळती होत्या, आत हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. धाकटा पाण्याच्या टबात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याचे केस पांढरे झाले होते, आणि ते आपल्याला माहीत नव्हतं याची दादांना लाज वाटली.

धाकट्याने वर पाहिलं. ट्यूब हातातच राहिली. "दादा," तो म्हणाला.

"पुढचा शाफ्ट तू काढलास."

"हो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगायला आलो होतो. तू म्हणालास, वाटेल ते कर." धाकट्याने ट्यूब ठेवली, फडक्याला हात पुसले. "नंतर पाहिलं तर तू वखारीपाशी थांबून दांडा ओढत होतास, लोक निर्धास्त बसत होते, गाडी चढत होती. म्हटलं, वरचं तुझं. आपण कशाला मधे पडा."

"आणि त्या दिवशी? मी तुला सगळ्यांदेखत बोललो तेव्हा?"

धाकटा रागावेल, इतक्या वर्षांचं साठलेलं ओकून टाकेल, अशी तयारी करूनच दादा आले होते. पण धाकटा अगदी साध्या आवाजात बोलला, पुष्कळदा मनाशी म्हणून पाठ झालेलं बोलावं तसा.

"शाफ्ट नाही हे माझ्या डोक्यात होतं, म्हणून तर जीप काढली नाही. तिचे टायरही गुळगुळीत झाले होते. माझ्या गाडीला नवे होते. वाटलं, हीच बरी. पण तू म्हणालास, चार चाकांवर गेलो असतो तर आई वाचली असती. मग मी विचार केला, चारची दोन कुणी केली? मीच. शाफ्ट असता तर मी जीपच काढली असती. म्हणजे कसंही बघितलं तरी आई माझ्याच हातून गेली." त्याने फडक्याची घडी केली. "रस्त्यातलं तुला कळतं, दादा. मला कुठे कळतं? तू म्हणालास म्हणजे तसंच असणार."

दादा शेजारी पडलेल्या टायरवर बसले. भाऊ आपल्यावर चिडून दूर राहिला, असं ते धरून चालले होते, आणि त्या समजुतीवर त्यांना झोपही येत होती. भावाने आपला शब्द खरा मानला असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"जीपचं डावं मडगार्ड आठवतं तुला?" ते म्हणाले. "चेपलेलं?"

"ट्रकने घासलं होतं ते."

"ट्रक नव्हता. ओलं वळण होतं. आई जायच्या आदल्या हिवाळ्यात. सकाळी रिकामी गाडी घेऊन उतरत होतो, बर्फ दिसला, ब्रेकवर पाय ठेवला आणि जीप सरळ कठड्यावर गेली. शाफ्ट आहे असंच तेव्हा मी समजत होतो. असता तरी काय होणार होतं? उताराला मी तो दांडा कधी ओढलाच नाही. एकदासुद्धा नाही."

धाकट्याने फडकं बाजूला ठेवलं.

"मला माहीत होतं," दादा म्हणाले. आता त्यांना थांबता येईना. "तुला बोललो तेव्हाही माहीत होतं. आई गेली आणि मी घरात नव्हतो. ते मला सोसवेना. म्हणून तुझ्यावर ढकललं. त्या बर्फावर चार चाकं असती, आठ असती, मी स्वतः चालवत असतो, तरी गाडी घसरलीच असती. तुझं काही चुकलं नाही रे."

नेमकं तेव्हाच हवेचं यंत्र मोठ्याने धडधडायला लागलं. धाकट्याने हात लांब करून त्याचं बटण बंद केलं. दुकानात शांतता झाली. दारात दोन गिऱ्हाइकं उभी होती, रस्त्यापलीकडचा चहावालाही काम थांबवून बघत होता.

"पुन्हा सांग," धाकटा म्हणाला. "मला नीट ऐकू आलं नाही."

दादा टायरवरून उठले. भरल्या घरात जेवढ्या मोठ्याने बोलले होते तेवढ्याच मोठ्याने, सगळ्यांच्या देखत, त्यांनी पुन्हा सांगितलं, "तुझं काही चुकलं नाही."